रात्री खुशाल धू!

कापड विणायच्या लूमवरची रात्रपाळी संपवून बसमध्ये बसलेल्या वाल्मिकचे डोळे मिटत होते. सुरतच्या वाटेवरचं कडोदरा मागे पडलं आणि पुढच्या सीटवरच्या दोन बायकांचे आवाज चढले.

"सुवर्णा, जिंकलो गं आपण! गल्लीतल्या गाड्या धुणाऱ्या शेठनं ऐकलं! आजपासून रात्री पंप बंद, फोकसचा दिवाही बंद!"

"अन् दिवसा?"

"दिवसा चालूच. रात्रीचं मीच सांगितलं ना त्याला!"

"अवं सरलाबाई, आपल्या गल्लीत रात्री झोपतं कोण? माणसं सगळी लूमवर! सकाळी येऊन आडवी होतात, तर पंप सुरू!"

"अरे देवा!"

"अन् त्याच फोकसच्या उजेडात ओट्यावर बसून आपण साड्यांना खडे चिकटवतो, त्याचं काय?"

"बाई गं! टीव्हीवर सगळे रात्रीच्याच आवाजाचं बोलतात, मीही तेच बोलून बसले!"

"चला मग, पंप सुरू व्हायच्या आत गाठू त्याला. म्हणावं, रात्री खुशाल धू, पण दिवसा पंपाला हात लावू नको!"

"वेड्या म्हणेल आपल्याला!"

"म्हणू द्या!"

डिंडोलीला बस थांबली, तेव्हा वाल्मिक त्यांच्याआधी दारात उभा होता.

"मावशी, मीही येतो. माझी खाट त्या पंपाच्या भिंतीलाच लागून आहे."