विलासभाऊंचं जीपीएस

आमचे शेजारी विलासभाऊ निवृत्त झाल्यावर शिडाची छोटी नाव घेऊन नवेगावच्या तलावात फिरायला लागले. एकदा धुक्यात दोन तास हरवले. वहिनींनी बजावलं, "रस्ता दाखवणारं मशीन घ्या, नाहीतर नाव विका."

मी त्यांच्यासोबत गोंदियाला दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "समंदर में जाना है?"

"तलाव में," भाऊ म्हणाले.

त्यानं सगळ्यात स्वस्त जीपीएस समोर ठेवलं. "निकलते समय किनारे पे ये बटन दबाना. वापस वहीं लाएगा."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. काठावर नाव फार हलत होती, म्हणून भाऊंनी ते बटण तलावाच्या मधोमध जाऊन निवांत दाबलं. पुढं गेलो आणि धुकं उतरलं. काठ दिसेना. जीपीएसवरच्या बाणामागं आम्ही अर्धा तास नाव हाकली. शेवटी जीपीएस वाजलं. चारही बाजूंनी पाणीच.

तेवढ्यात धुक्यातून मासे धरायला निघालेला एक म्हातारा ढिवर डोंगा वल्हवत आला.

"कोठं जाऊन राहिले जी?"

भाऊंनी स्क्रीन नीट वाचली. "पोहोचलो."

म्हाताऱ्यानं आजूबाजूचं पाणी पाहिलं.

"मंग उतरा ना जी."