चुकीचं उत्तर नसलेला खेळ

…आन् वर साहेब टाळ्या वाजवत्यात! तुम्हाला सांगतो, त्या टाळ्या अजून कानाला टोचत्यात. अहो, मी रोहिदास, शिक्रापूरपासनं आत वस्तीवरच्या शाळेत तिसरीचा मास्तर, चांगला खेळ आणला होता हो मी! एक वस्तू दाखवायची, पोरांनी तिचे उपयोग सांगायचे, ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं. आन् खेळ कसा, तर चुकीचं उत्तर न्हाईच!

टोमॅटोचं क्रेट ठेवलं पुढं. स्वराज म्हणतो, "कोंबड्यांचं खुराडं!" भिमा म्हणतो, "आमच्या म्हातारीला बसायला!" आन् ऋतिका, हजेरीलासुद्धा नुसती मान हलवणारी पोरगी, ती उठली की हो! "सर, त्याच्यावर उभं राह्यलं की आईच्या कंपनीची गाडी लांबनं दिसती."

तेवढ्यात निरोप आला, शिक्षण खात्याच्या साहेबांची शाळेला भेट हाय. झालं! आमचे हेडसर आनंदराव, भेट म्हणलं की पोरांना घोकायला बसवणारा माणूस. "रोहिदास, उत्तरं वाटून द्या! ऐनवेळी पोरं कायबाय बोलली म्हंजी?" मी म्हणलं, अहो सर, कायबाय बोलायचाच खेळ हाय, चुकीचं उत्तर न्हाईच! "न्हाई कसं? ही पोरगी क्रेटवर चढती म्हणती, उद्या पडली तर? तिला उत्तर म्हणून कचराकुंडी द्या!" आन् मी शहाणा... दिली की! विचार करायचा खेळ पाढ्यासारखा पाठ करून घेतला.

साहेब आले. क्रेटकडं बघितलंसुद्धा न्हाई! टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, "बाळांनो, हिचं काय काय करता येईल?" स्वराज ताडकन उठला, "कोंबड्यांचं खुराडं!" भिमा, "आमच्या म्हातारीला बसायला!" बाटलीवर? म्हातारी? आनंदराव छताकडं बघायला लागले... ऋतिका खाली मान घालून म्हणली, "कचराकुंडी." आन् साहेब खूश! "वा! काय कल्पकता! या खेळात चुकीचं उत्तर नाहीच!" मग त्या टाळ्या.

दुसऱ्या दिवशी म्हणलं, आता साहेब न्हाई, हेडसर मीटिंगला गेल्यात, पोरं मोकळी होतील. कोपऱ्यातला खराटा धरला पुढं. सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघत्यात. "अरं बोला की, कायबी बोला!" तवा ऋतिका उठली. जीव कसा हरखला म्हणून सांगू! म्हणली, "सर, आधी फळ्यावर उत्तरं लिहून द्या ना. उद्या पाठ करून येते."

काय करता... दिली लिहून.