दसऱ्याचा नारळ अन् पुढची सीट

दसऱ्याला मी नारळ गाडीच्या इंजिनावर फोडला. लोक चाकापुढं दगडावर फोडतेत, मी पडलो गॅरेजवाला मिस्त्री, मला वाटलं परसाद इंजिनालाच जाऊ द्या, म्हणून बोनेट उघडलं अन् आतल्या लोखंडावर हाणला. पाणी कुठं गेलं ते बघितलंच न्हाई, खोबरं वाटत बसलो.

काय सांगू तुम्हाला, आम्ही मंठ्याकडचे. बापानं जल्मभर मेंढरं राखली, मी लोकाच्या जीपा राखल्या. त्यातच केस पांढरे झाले, तव्हा कुठं चारी चाकांनी वढणारी एक जुनी गाडी घरची झाली. बायको, सुभद्रा, तव्हा जालन्याला मस्तगडात लेकीच्या बाळंतपणाला गेल्ती. लगीन झाल्यापासून ती एक तर एसटीत उभी, न्हाई तर कुणाच्या ट्रॅक्टरवर मागं. पुढच्या सीटवर आधी तिलाच बसवायचं म्हणून मी नव्या कव्हरवरची पन्नी बी काढली न्हाई. फोनवर म्हणालो, एसटीनं येऊ नको, मी न्यायला येतो. ती म्हणाली, बघते.

दिवाळी झाली अन् निघायच्या सकाळीच स्टेअरिंगपुढं पिवळा दिवा लागला, गाडी ताकदच घेईना. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला, चारी चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. मी म्हणालो, तुटला म्हंजी मेलं. ते मॉड्यूल म्हंजी एक डबाच असतो, काढला, दुसरा मागवला, बसवला, दिवा तसाच. मंग गिअरबॉक्स खोलला. सुभद्राचा रोज फोन, आज येता का? मी खोलत राह्यलो अन् तिला म्हणत राह्यलो, उद्या पक्कं. सांजच्याला घरी जाऊ वाटंना. भाकरीचं सोडा, ह्या वक्ताला का आला म्हणून वरडणारं बी कुणी न्हाई. मी गाडीतच बसायचो, त्या रिकाम्या सीटकडं बघत.

शेवटी कंटाळून तो कोड पुन्हा वाचला. डबा मेला असं तो म्हणतच नव्हता. गाडीतले डबे दोन बारीक तारांवर एकमेकांशी बोलतेत, ह्याचं बोलणं बाकीच्यांना ऐकू येईना, एवढंच त्याचं म्हणणं. म्हंजी आधी तार बघा, तारा जोडतेत तो प्लग बघा. तारेमागं हात नेत नेत गेलो, इंजिनाखाली प्लग सापडला, उघडला, आतल्या पितळी काड्या गंजून हिरव्यागार, अन् खाली अडकलेला खोबऱ्याचा वाळका तुकडा. घासलं, पुसलं, दिवा गेला! मी नाचायचाच बाकी, तवर गॅरेजच्या दारात सुभद्रा, हातात थैली, एसटीची धूळ तोंडावर. मी म्हणालो, बस बस, घरापर्यंत तरी बस. तिनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् पायीच गेली.

आता गाडी बिलकुल ठीक हाय. पन्नी अजून तशीच. लेकरं म्हणतेत काढा ती, पर मला काढू वाटत न्हाई. परवा बी मी म्हणालो, चल, जांब समर्थला दर्शनाला जाऊ, आपल्या गाडीनं, तू पुढं बस. तर म्हणती, तुम्ही व्हा गाडीनं पुढं, मी येते एसटीनं, दोघांतलं एक तरी पोचलं पाहिजे.