पैरा फेडायला आलेला राक्षस

आमच्या संप्याचा राक्षस तुमाला सांगितलाच न्हाई व्हय? संप्या आष्ट्याचा, कुपवाडला माझ्याच वर्कशॉपात हाय. रविवारी आमी फाशांचा खेळ खेळतो. कुणी योद्धा, कुणी जादूगार; काय बी करायचं तर फासा टाकायचा, आकडा चांगला पडला तरच जमतं. खेळ चालवती माझी बहीण राणी.

एकदा संप्या म्हणाला, "योद्धा, जादूगार असतो तसा मी नवा क्लास बनवलाय. पैरेकरी."

"त्याला येतं काय?" राणीनं विचारलं.

"आज मी तुमच्या रानात राबायचं, उद्या तुमी माझ्या. बास."

"तलवार?"

"न्हाई."

"जादू?"

"न्हाई."

"मरशील की रं गड्या!" मी म्हणालो. पण राणी म्हणाली, "एक डाव खेळवून बघू. जमला तर ठेवू."

डावात आमी ड्रॅगन मारायला निघालो. वाटेतच राक्षस भेटला, गुहेच्या तोंडचा धोंडा हलवत हुता. आमी तलवारी उपसल्या आणि हा पठ्ठ्या त्याला म्हणतोय, "आवं, एकटंच व्हय? सरका, हात लावतो." धोंडा हलवून दिला आणि निघाला. मी लय तापलो.

शेवटी ड्रॅगनपुढं आमी सगळे आडवे. दोन वर्षं जपलेला माझा योद्धा गेल्यातच जमा हुता. तवा संप्यानं हळूच विचारलं, "राक्षसाकडं माझा पैरा हाय. यील न्हवं त्यो?"

मी फासा उचलून राणीपुढं धरला. तिनं माझा हात बाजूला सारला.

"पैऱ्याला कुणी फासा टाकतं व्हय? यायलाच लागतंय."

राक्षस आला, संगं भावालाबी घिऊन आला. आता आमच्यात तलवार धरायला कोण तयार न्हाई. सगळ्यांस्नी पैरेकरीच व्हायचंय.