न मेलेल्या माणसाचं नाव

(लिटल हॅम्बरी गावाचं चर्च. नोव्हेंबरातला शनिवार, दुपार. पाचही गावांच्या पाद्रीबाई फिलिपा टकवेल आणि शेजारच्या ग्रेट हॅम्बरीचे क्लेमंट गॅदरकोल.)

क्लेमंट : त्रेचाळीस नाही, पाद्रीबाई. बेचाळीस. यातला एक माणूस मेलेलाच नाही.

फिलिपा : मिस्टर गॅदरकोल, ही पहिल्या महायुद्धातल्या मृतांची यादी आहे. एव्हाना सगळेच मेलेले असणार.

क्लेमंट : चेष्टा नको. हे बघा, लिटल हॅम्बरीच्या युद्धस्मारकाच्या दगडावरचं चौथं नाव. वॉल्टर थ्रप. आणि दाराबाहेर डावीकडे वळलात की वीस पावलांवर कबर. त्यावर काय लिहिलंय? वॉल्टर थ्रप, एकोणीसशे एकाहत्तर!

फिलिपा : नावासारखं नाव असेल. चुलतभाऊ वगैरे.

क्लेमंट : कसला चुलतभाऊ! मी पाहिलाय की हा माणूस. माझ्या बापाच्या मेंढ्या कातरायला यायचा. एका बैठकीत तीन मोठे मग सायडर प्यायचा. इतका ठणठणीत हुतात्मा मी दुसरा पाहिला नाही.

फिलिपा : मग इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?

क्लेमंट : इतकी वर्षं नोव्हेंबरातल्या स्मृतिदिनाला प्रत्येक गाव आपापली नावं आपापल्या चर्चमध्ये वाचायचं. आम्ही ग्रेट हॅम्बरीवाले इकडे कशाला कडमडायला येतोय? पाच गावांचा एकच कार्यक्रम करायची टूम तुमची. यंदा यादी एकत्र करायला घेतली आणि हे बाहेर आलं. मी खोडतो.

फिलिपा : थांबा, पेन ठेवा जरा. त्यांच्या घरचं कोणी आहे का?

क्लेमंट : मुलगी आहे. ॲडलीन स्पर्लिंग. मला पहिलीला शिकवायला होत्या. पण त्यांना विचारायची काही गरज नाही हो. एकोणनव्वद वय, उगाच कशाला त्रास...

ॲडलीन : कोणाला त्रास, क्लेमंट?

क्लेमंट : अरे! बाई! तुम्ही कधी आलात?

ॲडलीन : 'ठणठणीत हुतात्मा'पासून. फुलं लावायला आले होते, खांबामागे. दारातून आत आलं की टोपी काढायची असते, हे मी तुला एकोणीसशे पंचावन्न साली सांगितलं होतं.

क्लेमंट : काढली, बाई.

फिलिपा : स्पर्लिंगबाई, बसा ना. ही खुर्ची घ्या. आम्ही तुमच्या वडिलांबद्दल...

ॲडलीन : ऐकलं मी. दगडावर जे आहे ते चूकच आहे. बाबा सतराच्या एप्रिलमध्ये बेपत्ता झाले. आठ महिन्यांनी आजीला कागद आला, मेले असं समजावं म्हणून. आणि इथल्या जमीनदारबाईंना भारी घाई. त्यांचा स्वतःचा मुलगा गेला होता ना. लढाई संपायचीही वाट न बघता त्यांनी दगड बसवला. एकोणीसच्या जानेवारीत बाबा जर्मनांच्या कैदेतून चालत घरी आले.

क्लेमंट : मग नाव तेव्हाच काढायला हवं होतं!

ॲडलीन : पाथरवट आला होता छिन्नी घेऊन. बाबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

फिलिपा : का?

ॲडलीन : गावाला वाटलं, विक्षिप्त आहे. दर नोव्हेंबरला पहिल्या रांगेत उभे राहायचे. त्यांचं नाव वाचलं की मान खाली. मी आठ वर्षांची असताना मला हसू फुटलं. जिवंत बाप शेजारी उभा, आणि पाद्रीबुवा गळा भरून आणतायत! बाबांनी असा चिमटा काढला म्हणता! घरी आल्यावर मग सगळं सांगितलं. बटाटे सोलता सोलता. मान वर न करता.

क्लेमंट : काय सांगितलं?

ॲडलीन : एनॉक मार्चबद्दल.

फिलिपा : हे नाव यादीत नाही.

ॲडलीन : कुठल्याच यादीत नाही. अनाथालयातलं मूल. मार्चमध्ये पायरीवर सापडलं म्हणून आडनाव मार्च. मोठा झाल्यावर बाबांबरोबर मजुरीला लागला. कुंपणं विणायची, मळणी करायची. काम असेल त्या गावात जायचं, तिथल्याच धान्याच्या कोठारात झोपायचं. या पाचही गावांत त्याच्या हातची कुंपणं होती. तुझ्या घरामागची सुद्धा, क्लेमंट.

क्लेमंट : ते हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांचं? ते अजून आहे की.

ॲडलीन : दोघं एकाच दिवशी भरती झाले. बाबांच्या गुडघ्याला गोळी लागली तेव्हा ते काटेरी तारांत अडकले होते. बाकीचे मागे पळाले, हा पुढे आला. त्याने तारा कापल्या, बाबांना ओढत खड्ड्यात आणलं. वर म्हणाला, "वॉल्टर, कुंपण कापायला येत नाही तुला अजून." मग पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून गेला. सव्वीस वर्षांचा होता.

फिलिपा : परत आला नाही.

ॲडलीन : नाही. सकाळी जर्मन आले आणि बाबांना घेऊन गेले. जाता जाता बाबांना एनॉक मरून पडलेला दिसला. बाटली भरलेली होती, म्हणायचे.

क्लेमंट : मग त्याचं नाव का नाही लावलं कोणी?

ॲडलीन : कारण नाव द्यायला घरचं माणूस लागायचं. त्याला घरच नव्हतं. परत आल्यावर बाबा लंगडत लंगडत पाचही गावांत फिरले. विदरकोटवाले म्हणाले, तो इथे चारच महिने होता. डनलीपवाले म्हणाले, अनाथालय शहरात आहे, शहरात विचारा. आमचं गाव म्हणालं, दगडावर जागा नाही. आणि ग्रेट हॅम्बरी...

क्लेमंट : तिथल्या स्मारक समितीवर माझे आजोबा होते.

ॲडलीन : मी नाव घेणार नव्हते.

क्लेमंट : घ्या, बाई. काय म्हणाले ते?

ॲडलीन : "ज्याचे आईबाप इथले नाहीत, तो इथला कसा?"

फिलिपा : मिस्टर गॅदरकोल, तसं काही झालं असेलच असं नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट...

क्लेमंट : झालंय. त्या समितीची वही माझ्याच कपाटात आहे. ही यादी करताना वाचली. 'डब्ल्यू. टी. यांची विनंती. नामंजूर.' आजोबांचं अक्षर. मला वाटलं, पाण्याच्या नळाबद्दल असेल.

ॲडलीन : नळ आमच्याकडे चौतीस साली आला.

क्लेमंट : आता कळलं, बाई.

ॲडलीन : तेव्हा बाबांनी ठरवलं. याला कोणी दगड देत नाही ना, मग माझा त्याने वापरावा. नाव वाचतील ते माझं, पण उभा मी राहीन त्याच्यासाठी. बावन्न वर्षं राहिले. ते गेल्यावर मी राहते. पाद्री म्हणतात 'वॉल्टर थ्रप', मी मनात म्हणते 'एनॉक मार्च'. म्हणून म्हणते, क्लेमंट, तू बाबांचं नाव खोडलंस तर दोन माणसं खोडशील.

फिलिपा : पण तुम्ही हे कधी कोणाला सांगितलं का नाही?

ॲडलीन : बाबा म्हणायचे, गावागावांत भांडण नको. अहो, क्रिकेटच्या एका झेलावरून ग्रेट आणि लिटल हॅम्बरी अकरा वर्षं बोलत नव्हते.

क्लेमंट : तो झेल आमचाच होता.

ॲडलीन : टप्पा पडला होता.

फिलिपा : ते राहू द्या! हे बघा, कार्यक्रमपत्रिका संध्याकाळी छापायचीय. उद्या मी एनॉक मार्च हे नाव वाचणार. त्याच्या स्वतःच्या नावाने. समिती गेली खड्ड्यात. पत्र वरच्यांना मी नंतर लिहीन.

क्लेमंट : वरच्यांना म्हणजे बिशपना?

फिलिपा : गरज पडली तर त्यांच्याही वरच्यांना. स्पर्लिंगबाई, तुमच्या वडिलांचंही वाचू का? मला चालेल.

ॲडलीन : बाबांचंही?

फिलिपा : घाई नाही. विचार करून सांगा.

ॲडलीन : नको. दगडावर आहे ते राहू द्या, वाचू मात्र नका. बाबांना बसू दे आता. गुडघा दुखायचा त्यांचा.

क्लेमंट : बाई, रुमाल. स्वच्छ आहे.

ॲडलीन : मला नकोय. तूच डोळे पूस.

क्लेमंट : धूळ आहे इथे फार. तुमच्या चर्चमध्ये झाडतं की नाही कोणी?

फिलिपा : एक अडचण राहिली. पत्रिकेत नावं गावांप्रमाणे आहेत. एनॉकला कुठल्या गावाखाली घालू? शेवटी वेगळा लिहू का?

क्लेमंट : वेगळा अजिबात नाही. ग्रेट हॅम्बरी.

ॲडलीन : क्लेमंट, तुझी समिती...

क्लेमंट : समितीवर आता मी आणि मिसेस पॅजेट दोघंच. त्यांना ऐकू येत नाही. लिहा, पाद्रीबाई. आमच्यात लॅम्बर्टनंतर मार्च. आणि कोणी विचारलं की तो इथला कसा, तर माझ्या घरामागे पाठवा, कुंपण दाखवतो.

फिलिपा : लिहिलं. आता नाव वाचणार कोण? मी सगळीच वाचणार होते, पण हे एक तुम्ही वाचावं असं मला वाटतं, स्पर्लिंगबाई.

ॲडलीन : मी? माझा आवाज आता मांजरासारखा झालाय.

क्लेमंट : तुमचा आवाज? तुम्ही वर्गात ओरडलात की रस्त्यावरचा दूधवाला सरळ उभा राहायचा.

ॲडलीन : इतकी वर्षं मनातच म्हटलंय रे. मोठ्याने कधी म्हटलं नाही. जमेल की नाही कोण जाणे.

फिलिपा : आत्ताच म्हणून बघा. दुसरं कोणी नाहीये. इथे पायरीवर या, माझा हात धरा.

ॲडलीन : क्लेमंट, तू माझ्यासमोर उभा राहू नकोस. मागे जा. पार मागे, दाराशी.

क्लेमंट : चाललो.

ॲडलीन : बसलास?

क्लेमंट : बसलो. शेवटच्या बाकावर.

ॲडलीन : एनॉक मार्च.

फिलिपा : आता त्यांना विचारा.

ॲडलीन : आलं का रे ऐकू?

क्लेमंट : आलं, बाई. बसल्या जागी उभा राहिलो.