दरवाजा बंद केला

ढाणकीच्या एसटी थांब्यावर शोभाताईंच्या हातात पेपर होता, पण कान शेजारी बसलेल्या मानीबाईकडे आणि नागपुरात संशोधन करणाऱ्या तिच्या नातीकडे, ममताकडे लागले होते.

"दादी, मलेरियाचा जंतू रक्ताच्या लाल पेशीत शिरते अन् लपून बसते."

"यंदाच्या कपाशीच्या बोंडातल्या अळीवानी?"

"तसाच. पण हा आतून आपला माल, म्हंजे प्रथिनं, बाहेर पेशीच्या पापुद्र्यावर धाडते. मंग पेशी चिकट होते अन् मेंदूच्या नसात अडकते."

"माह्या पोराचं, जीवनचं, मरताना तसंच झालतं काय?"

"हो, काकाचं तसंच झालतं."

"अन् वरून फवारून काय उपेग? बोंड तं हिरवंगार दिसते."

"म्हणून आमी फवारलंच नाही. माल जाते तो दरवाजाच बंद केला."

"मंग?"

"आतच मेला! पण काचेच्या भांड्यात हां, माणसात अजून नाही."

"भांड्यात का होईना, मेला ना?"

"मेला, दादी!"

शोभाताईंची फुलसावंगीची गाडी लागली, तरी त्या उठल्या नाहीत. मानीबाईनं पिशवीतून गुळाचा खडा काढला.

"ओ पेपरवाल्या बाई, तोंड गोड करा. माह्या पोराले खाणारा मेला!"