टेकलेली झोळी

मंडळी, ऐका! आधी एवढं सांगा — मनात सेवा आहे, पण हातात विद्या नाही. असा माणूस देवाच्या कामाचा आहे, की नाही? टाळकरी, तुम्ही नका सांगू, तुम्ही सगळ्यालाच मान डोलवता!

माझ्या लहानपणची गोष्ट. घाटावर धनगरांची वाडी. रस्ता नाही. कोणी आजारी पडलं की बांबूला घोंगडीची झोळी बांधायची, खांद्यावर घ्यायची, नि खालच्या दवाखान्याकडे पळायचं. रिवाज असा — वाटेत खांदे बदला, पण झोळी भुईला टेकवायची नाही! टेकली, की माणूस पोचलं. दवाखान्यात, नाहीतर मसणात!

त्या वाडीतली चंद्रा कोकरे डॉक्टरकी शिकत होती. सुट्टीला आली, तर काय कौतुक! एक म्हातारा म्हैसच घेऊन आला — "पोरी, हिचा पाय बघ!" हसू नका, तुम्हीही नेली असतीत!

पण दुसऱ्याच सकाळी वाडीतली ठकूवहिनी बाळंतपणात अडली. रक्त थांबेना. झोळी निघाली, नि चंद्राच्या दारात येऊन — टेकली!

"आता कशाला खाली न्यायची? आपली डॉक्टर आली की!"

पण चंद्रा कसली डॉक्टर? ती दुसऱ्या वर्षाला. मेलेल्या माणसाची हाडं ओळखायची, जिवंत बाईची सुटका कुठं शिकलेली? बाप, बिरू कोकरे, छाती फुगवून उभा. सांगावं कसं? न सांगावं तर? घोंगडी भिजत चाललेली!

"दादा… मला नाही येत हे," ती बापाला म्हणाली.

"आं? मग कॉलेजात काय करतेस गं?" कोणीतरी टोचलंच.

"उचला! आत्ता उचला!" चंद्रा ओरडली.

कोणी हलेना. टेकलेली झोळी उचलायची? टेकल्यावर उचलतात ते मढंच की! मंडळी, श्वास असलेली बाई समोर, नि चार धट्टेकट्टे पुरुष भुईकडे बघतायत!

चंद्रानं पदर खोचला, बांबूखाली खांदा घातला. बाईमाणसानं! एकटीला उचलेना. तेव्हा बिरूनं दुसरं टोक धरलं. मग बाकीचे लाजले.

उतारावर झोळीतलं कण्हणं थांबलं.

"वहिनी! बोल ना!"

"बोलते गं… तू पाय बघून टाक."

ठकू वाचली. बाळ नाही.

दवाखान्याच्या पायरीवर बिरू म्हणाला, "तुझी काय चूक, पोरी?"

"चूक नाही, दादा. पण ते पुन्हा माझ्या दारात ठेवणार. मला 'ठेवा' म्हणता आलं पाहिजे."

शिकली. शहरात मोठ्या जागा मिळत होत्या, पण वाडीवर परतली. येईपर्यंत दर पावसाळ्यात तिचा जीव टांगलेला — आज कोणाची झोळी निघाली असेल?

बाबांनो, बायांनो, तुमच्या दारातही कोणीतरी विश्वासानं आपलं माणूस ठेवतं. येत असेल तर हात लावा. येत नसेल तर तोंडानं सांगा, नि खांदा द्या. नुसती छाती फुगवून उभे राहू नका. तेवढ्यात झोळीत कोणाचा तरी श्वास संपत चाललेला असतो. विठ्ठला, आम्हाला वेळेवर बोलायची बुद्धी दे!